अर्धवट ओलं

ग्रेंज-ओव्हर-सँड्स, चर्चमागचा हॉल,
शनिवार सकाळ, आम्ही नऊ जण.
प्रत्येकापुढे पाण्याचे दोन मग:
एक ब्रश धुवायला, एक रंगात घालायला.
अकराच्या सुमाराला डेस्मंडनं
चहा समजून पहिलाच उचलला,
तेवढ्यावर ओळखी झाल्या.

हिल्डाबाई पोस्टलथ्वेट, ऐंशीच्या पुढेमागे,
बाह्या कोपरापर्यंत वर, नखांत निळं.
म्हणाल्या, आधी कागद भिजवा,
तान्ह्याला न्हाऊ घालतात तसा, दोन्ही अंगांनी.
मग फळीवर पसरून कडांना डिंकाची पट्टी.
कागद आधी फुगतो, रुसल्यासारखा,
सुकता सुकता आपला आपण ताठ होतो.
आपण फक्त थांबायचं.

थांबणं मला येत नाही.
प्रेस्टनच्या फार्मसीत अठ्ठावीस वर्षं गोळ्या मोजल्या,
पाच-पाचच्या ढिगांनी, पात्यानं सरकवत.
दारात माणूस खोकत उभा असायचा.

खिडकीबाहेर ओहोटी.
समुद्र कुठेतरी कामाला गेल्यासारखा;
मागे मैलोन्‌मैल वाळू, ना करडी ना गुलाबी,
तिच्यावर पाण्याच्या शिरा.
हेच काढायचंय, हिल्डाबाई म्हणाल्या,
आणि लवकर, हे राहत नाही.

फळी जराशी तिरकी. ब्रश आडवा ओढायचा,
खाली साठलेला थेंब पुढच्या ओढीत उचलायचा,
तो थेंब मध्येच हरवू द्यायचा नाही.
हे मात्र हाताला ठाऊक होतं.
मिरजेला आई ओसरी सारवायची,
उंबऱ्याशी येईतो शेणकाला
असाच पुढे पुढे नेत.
मी आणि शालन भिंतीला पाठ लावून उभ्या,
पाय उमटू नये म्हणून.
एकदा एक उमटला.
कोणाचा, ते अजून ठरायचंय.

पांढऱ्या रंगाची ट्यूब मी शोधत राहिले.
ती डब्यात नसतेच.
पांढरं म्हणजे कागद,
जिथे तुम्ही गेला नाहीत तेवढा.
वाळूत एक बगळा उभा होता,
त्याला हात न लावता भोवतीनं रंगवत गेले.

आकाश तर चांगलं जमलं होतं.
ओल्यावर ओलं: निळा नुसता टेकवला,
तो आपणहून पांगला.
मग डावीकडे जरासं फिकं वाटलं.
जरासंच. मी ब्रश लावला.
पाणी आत घुसलं, रंगाला रेटत कडेला नेलं,
आणि ढगाच्या जागी फुलकोबी उगवली,
दातेरी, ठसठशीत.

टिपकागद उचलला तर हिल्डाबाईंनी मनगट धरलं.
गार बोटं.
पूर्ण ओलं असताना काय हवं ते करा.
पूर्ण सुकल्यावर पुन्हा करा.
मधल्या वेळात हात मांडीवर.

आईच्या शिलाई मशीनचं काय केलंस,
हे मी शालनला दहाव्याला विचारलं.
मग तेराव्याला.
मग इकडे परतून फोनवर, रविवारी,
पुढच्या रविवारी पुन्हा.
दर वेळी सुधारायलाच गेले होते.
दर वेळी थोडं जास्त पाणी.
कड कुठवर सरकत गेली
ते आज दिसलं, वीतभर आकाशात.

डेस्मंडनं हेअर ड्रायर पुढे केला.
रेल्वेत सिग्नलवर होता तो, वेळेचा पक्का,
त्याचे दोन डोंगर कधीच सुकले होते.
नको म्हटलं.
ब्रश धुतला. हात मांडीवर ठेवले,
ते दोनदा उठले, दोनदा खाली घेतले.
कागद कडांनी मंदावत गेला,
मध्ये अजून चकाकत होता.

बाहेर वाळूवर भरतीची पहिली रेघ आली.
बगळा उडाला.
माझा राहिला.